लाकूड किती लागेल?

सिंगापुरात मी नोकरी काय केली हे कुणाला चटकन सांगता यायचं नाही. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तुम्ही कशात आहात?" तर "इन्शुरन्समध्ये" म्हणून मी मोकळी व्हायचे. एकदोनदा खरं सांगून बघितलं, तर समोरची बाई तिळगुळाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. तेव्हापासून इन्शुरन्स.

काम असं होतं. माणूस परदेशात असताना आजारी पडला, पडला-झडला, किंवा मेला, तर त्याच्या विम्याच्या कार्डामागे एक फोन नंबर असतो. तो कुणीच वाचत नाही, वेळ आली की वाचतात. त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला, तांजोंग पगारच्या एका उंच इमारतीत, कानाला हेडफोन लावून मी बसलेली असायचे. हॉस्पिटल शोधायचं, डॉक्टरशी बोलायचं, विमानात स्ट्रेचर बसवून घ्यायचं. आणि माणूस गेलाच असेल तर त्याला त्याच्या घरी पोचवायचं. जिवंत माणसाला पाठवायला एक तिकीट पुरतं. मेलेल्याला पाठवायला पोलीस, डॉक्टर, दूतावास, विमान कंपनी आणि लाकडी खोकं बांधणारा सुतार, इतकी मंडळी लागतात.

नमुनेही भेटले. बालीत माकडाने चष्मा पळवला म्हणून एका गृहस्थाने मला अर्धा तास धारेवर धरलं. माकडाशी बोलणी करायला माणूस पाठवा, हा त्यांचा आग्रह. फुकेतला पाय मोडलेल्या एका मावशींना प्लास्टरमध्ये अंडं नसतं ना, याची खात्री हवी होती. मी थाई डॉक्टरांना तसं विचारलंसुद्धा. अशा फोनांवर आमचे दिवस जायचे, आणि मला वाटायचं की आता आपल्याला काही नवीन ऐकायला मिळणार नाही. हा माज होता, दुसरं काही नाही. तो कसा उतरला ते सांगते.

तुआसच्या जहाज दुरुस्तीच्या यार्डात काही महिन्यांच्या कामावर आलेला एक अमेरिकन वेल्डर, डॅनियल, एका सकाळी खोलीत मेलेला सापडला. वय पन्नाशीच्या आत, अंगाने धडधाकट. असा माणूस अचानक गेला की इथे पोलिसांत नोंद होते, शवचिकित्सा होते आणि मग देह ताब्यात मिळतो. चिनी नववर्ष तोंडावर आलेलं. त्या सुट्टीत सिंगापूर चिडीचूप असतं, आणि मरणाचा तर कुणी शब्दही काढत नाही. म्हणजे उशीर होणार हे दिसतच होतं.

मिशिगनहून त्याच्या बहिणीचा, मार्लीनचा, फोन आला. आमची सकाळ म्हणजे तिची आदली संध्याकाळ. आवाज शांत, जरा जाडसर. मी ठरलेलं सगळं ठरल्या आवाजात सांगितलं. तो घरी कधी पोचेल, असं तिने विचारल्यावर मी म्हणाले, आठवडा, कदाचित जास्तही.  मग तिने स्वतःशीच बोलल्यासारखं विचारलं, "म्हणजे लाकूड किती लागेल?"

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. मेलेला माणूस, वाट बघणारे नातेवाईक, आणि लाकूड. पुण्यात वाढलेल्या बाईच्या डोक्यात याचा एकच अर्थ येतो. मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, हे लोक आपल्यातलेच की! मी तिला धीर दिला, "लाकडाची तुम्ही अजिबात काळजी करू नका. इथे सगळी सोय आहे."

"थँक यू," ती म्हणाली. पुढे कळलं, तिला वाटलं की कंपनी मिशिगनला लाकूड पोचवते आहे.

जाता जाता तिने सांगितलं होतं की आम्ही पोटावाटोमी आहोत. मी ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, मूळ अमेरिकन, तुम्ही लोक 'रेड इंडियन' म्हणता ते. माझ्या डोळ्यांपुढे घोडे आणि पिसं. मी विचारू नये ते विचारलं, तुमच्या टोळीचा प्रमुख कोण, त्याची परवानगी लागेल का? ती न चिडता म्हणाली, "आमचं निवडून दिलेलं कौन्सिल आहे. आमचं कोर्ट आहे, पोलीस आहेत, दवाखाना आहे. मी आमच्या मुलांच्या शाळेत शिकवते. परवानगी नको, पण आमच्या सरकारचा वकील तुम्हाला ईमेल करील." तासाभरात ईमेल आलासुद्धा, आमच्या वकिलांना लाजवील असा. देशाच्या आत देश, हे मला पहिल्यांदाच कळत होतं आणि मी थक्क होऊन वाचत होते. तसं बघायला गेलं तर पुण्यापासून दोन तासांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्याबद्दल तरी मला काय ठाऊक होतं?

दुपारी माझी पाळी संपायची आणि समीरची सुरू व्हायची. समीर पुण्याचाच, चाळिशीतला, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला, बोलायला मोजका आणि कामाला वाघ. मार्लीन दुसऱ्या दिवशी त्याच्या पाळीत त्याच्याशी बोलली. तो मला म्हणाला, "ताई, बहिणीचा फोन होता. त्यांनी विस्तव पेटवलाय, सगळे वाट बघताहेत. होता होईल तितकं लवकर करा म्हणाली. इथेच अग्नी देऊ आणि अस्थी पाठवू, गोहला तसं सांगितलंय."

मी म्हणाले, "बरं झालं."

मला त्यात काहीच खटकलं नाही. तिथे त्यांनी काही विधी म्हणून विस्तव पेटवला असेल, इथे दहन होईल, अस्थी जातील. देह पाठवायला लागले असते त्याच्या निम्मे दिवससुद्धा लागणार नव्हते. आम्ही दोघं बहिणीचं दुःख हलकं करत होतो, या समजुतीत होतो.

गोह म्हणजे आमचा नेहमीचा अंत्यविधीवाला. साठीचा, पांढरा शर्ट, खिशात सिगरेटचं पाकीट. मार्लीनने त्याच्या नावाने अधिकारपत्र सही करून पाठवलं होतं. ते नेहमीचंच असतं आणि त्यावर विधीची सगळी व्यवस्था करता येते. देह ताब्यात मिळाला तो नववर्षाच्या अगदी तोंडावर. गोहला घाई होती. म्हणाला, "मॅडम, बिफोर न्यू इयर फिनिश, बेटर. मांदाई गॉट वन स्लॉट, टेन ओ'क्लॉक, आय टेक ऑलरेडी." मांदाईला सरकारी दहनभूमी आहे. मी हो म्हणाले.

त्या सकाळी मी कामावर येऊन कॉफी ठेवते न ठेवते तोच मार्लीनचा फोन. आवाज दमलेला. तिकडे बर्फाचं वादळ येणार होतं. ती विचारत होती की तो शिकागोला उतरेल की डेट्रॉइटला, म्हणजे कुठल्या रस्त्याचं बर्फ आधी काढून ठेवायचं ते तिचा भाचा बघेल.

मी मऊ आवाजात सांगितलं, "आज दहाला त्यांचं दहन आहे. अस्थी..."

"आज दहाला काय आहे?"

मी पुन्हा सांगितलं.

पलीकडे मागे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, ते सगळं ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, "तुम्ही काय जाळणार आहात?"

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तो प्रश्न तिने अगदी हळू विचारला. मी म्हणाले, "पण तुम्ही तर विस्तव पेटवलाय..."

"तो त्याच्यासाठी पेटवलाय. त्याला वाट दिसावी म्हणून. त्याला आईच्या शेजारी पुरायचंय. बाई, तुम्ही माझ्या भावाला जाळताय?"

मी घड्याळाकडे बघितलंही नाही. गोहला फोन लावला, तो उचलेना. त्याच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, बॉस ड्रायव्हिंग, गाडी निघाली कधीच. मी मार्लीनला म्हणाले, थांबा, आणि खाली पळाले. लिफ्टमध्ये लक्षात आलं की हेडफोन गळ्यातच आहे आणि पायांत ऑफिसातल्या सपाता आहेत. टॅक्सीवाल्याला मांदाई म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि सणासुदीला हे कुठलं भाडं, अशा चेहऱ्याने गाडी काढली. मी वाटभर गोहला फोन लावत होते आणि तोंडाने देवाचं नाव घेत होते. कुठल्या देवाचं, ते आठवत नाही.

मांदाईला पोचले तर गोहची गाडी दारापाशी उभी आणि मागचं दार उघडं. शवपेटी अर्धी बाहेर काढलेली. आत आधीच्या घरच्यांचे भिक्षू मंत्र म्हणत होते आणि ते काही संपवत नव्हते. तेवढ्यामुळेच डॅनियल बाहेर होता. मी धावत जाऊन पेटीवर दोन्ही हात ठेवले. आत कोण आहे, कसा आहे, मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, व्हॉट हॅपन? पेपर ऑल ओके वॉट."

"गोह, यांना जाळायचं नाहीये. पुरायचंय. घरी न्यायचंय."

"बट सिस्टर साइन ऑलरेडी..." गोह बोलता बोलता थांबला. त्याने आतल्या मंत्रांकडे कान दिला, मग माझ्याकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसला. सिगरेट काढली आणि न पेटवताच बोटांत धरली. "हाय्या," तो म्हणाला, "मॉंक लिटल बिट फास्टर, फिनिश ऑलरेडी, यू नो."

मला ते कळतच होतं. मी एक हात पेटीवरच ठेवला. दुसऱ्या हाताने मार्लीनला फोन लावला आणि सांगितलं, "तो माझ्याजवळ आहे. माझा हात त्याच्या पेटीवर आहे."  तिच्या आजूबाजूला बरीच माणसं असावीत; कुणीतरी मोठ्याने रडलं, आणि एक म्हातारा मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सावकाश म्हणत राहिला. मग फोन बंद झाला.

तक्रार येणार, चौकशी होणार, हे उघड होतं. समीर दुपारी आला. मी सांगितल्यावर खुर्चीत बसला तो बसलाच. त्याने स्वतःची बाजू मांडली नाही, मी मांडायला निघाले तर मलाही थांबवलं. तक्रार मात्र आली नाही. मार्लीनने आमच्या साहेबांना एवढंच कळवलं की भाऊ घरी पोचेपर्यंत माझा फोन कुणीही लगेच उचलायचा, आणि तो पोचला की ज्याने विस्तव ऐकून जाळायचं ठरवलं त्या माणसाशी मला बोलायचंय. समीरला या दुसऱ्या वाक्याची धास्ती बसली.

नववर्ष सुरू झालं. दूतावास बंद, मालवाहतुकीची कचेरी बंद, सुतार बंद. डॅनियल गोहच्या शीतगृहात. आणि रोज सकाळी मार्लीनचा फोन. पहिल्या दिवशी मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ते झालं. आता कधी, तेवढं सांगा." मला रोज 'अजून नाही' सांगावं लागायचं. मग ती लगेच फोन ठेवायची नाही. बाहेर विस्तवापाशी उभी असायची. वारा ऐकू यायचा.

त्या दिवसांत मला जे कळलं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, आणि प्रत्येक तुकड्याला नव्याने हबकले. पोटावाटोमी या नावाचा अर्थच ते लोक विस्तव राखणारे असा सांगतात. माणूस गेला की विस्तव पेटवतात आणि चार दिवस तो विझू देत नाहीत, कारण जाणाऱ्याला चार दिवसांची वाट चालायची असते. त्या विस्तवाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्यात कचरा टाकायचा नाही, त्याच्यापाशी भांडायचं नाही. चौथ्या दिवशी पुरतात, आणि मग तो आपोआप विझू देतात. डॅनियलचे चार दिवस तर केव्हाच होऊन गेले होते.

"मग अजून का?" मी विचारलं. "नियम चारचाच आहे ना?"

"म्हातारे बसले आणि बोलले," ती म्हणाली. "त्याचं शरीर अजून वाटेत आहे, तोवर विस्तव राहील असं ठरलं."

आणि मग तिने मला एका जुन्या रस्त्याबद्दल सांगितलं. तिच्या पणजीच्या आधीच्या पिढ्यांची गोष्ट. ही सगळी माणसं तळ्यांच्या काठची. गोऱ्यांना जमीन हवी झाली. कागदांवर सह्या घेतल्या, कुणाच्या घेतल्या ते कुणी विचारलं नाही. इंडियानातल्या वस्त्यांवर बंदूकधारी आले, माणसांना गोळा केलं आणि कॅन्ससपर्यंत चालवत नेलं. उन्हाळा सरत आलेला, पाण्याचे ओढे आटलेले, ताप पसरलेला. मेली ती बहुतेक मुलं. संध्याकाळी मुक्कामाला पुरायची आणि सकाळी पुढे निघायचं. "थांबू द्यायचे नाहीत," मार्लीन म्हणाली. "चार दिवस कोण थांबू देणार? रात्री जो विस्तव पेटवला असेल तो सकाळी तसाच मागे सोडायचा. आमच्या घरातलीही एक मुलगी त्या रस्त्यावर आहे. कुठे, ते कुणाला माहीत नाही. आमच्यातले काहीजण निसटले, रानात लपले, चालत मिशिगनला आले, म्हणून मी इथे आहे. त्या मुलीच्या विस्तवापाशी कुणी बसलं नाही, हे आमच्याकडे अजून बोललं जातं. म्हणून डॅनियलचा विझू देणार नाही."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं मी लोकांना 'सात ते दहा दिवस' असं सांगत आले होते. मिशिगनमध्ये ते दिवस कुणीतरी बर्फात उभं राहून काढत होतं. आमच्याकडचा एकेक बंद दरवाजा म्हणजे तिकडची एकेक रात्र होती. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी नोकरी सोडली असती असं नाही म्हणणार, पण त्या दिवशी मला माझ्या आवाजाचा राग आला.

तिकडे उभं कोण राहायचं तेही तिने सांगितलं. त्यांच्या लोकांचा कॅसिनो आहे. तिथली पाळी संपवून पत्ते वाटणारी पोरं कडक इस्त्रीच्या गणवेशावर कोट चढवून थेट विस्तवापाशी यायची. पोलिसातला भाचा ड्यूटीला जाण्याआधी लाकडं फोडायचा. शाळेतली मुलं सूप आणायची आणि त्यांच्या भाषेतले जे चार शब्द शिकली असतील ते विस्तवाला ऐकवायची. ती भाषा लहानपणापासून बोलत आलेली म्हातारी माणसं आता अगदी थोडी उरली आहेत, हे ती अगदी सहज म्हणाली. मुलांना शिकवायचं काम तिचंच होतं.

विस्तवासाठी लाकूड होतं ॲश नावाच्या झाडाचं. त्या झाडाचा ओंडका ठोकून त्याच्या पट्ट्या काढायच्या आणि टोपल्या विणायच्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला. आता एका हिरव्या किड्याने ती झाडं रानंच्या रानं मारली आहेत. "सुकलेलं लाकूड भरपूर आहे," मार्लीन म्हणाली. "किडा कुठून आला माहीत आहे? आशियातून. मालाच्या खोक्यांच्या लाकडातून." मला माझ्याच खंडाची लाज वाटली. त्यावर मी घाईघाईने सांगितलं की डॅनियलच्या पेटीभोवतीच्या खोक्याचं लाकूड भट्टीत तापवून घेतात आणि त्यावर तसा शिक्का असतो, त्याशिवाय विमानात चढत नाही. ती हसली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "म्हणजे तो तरी किडा घेऊन येणार नाही."

तिची मागणी एकच होती: पेटीत त्याच्या हाताशी थोडी तंबाखू ठेवा, आमच्यात ती पवित्र मानून वाहतात. सिंगापुरात तंबाखूचं नाव काढलं की लोक दचकतात. मी गोहला भीतभीत विचारलं. त्याने खिशातलं पाकीट काढलं, एक सिगरेट मोडून कागद बाजूला काढला, आतली तंबाखू तळहातावर घेतली आणि विचारलं, "धिस कॅन ऑर नॉट?" मार्लीनला विचारलं. ती म्हणाली, चालेल. गोहने ती स्वतःच्या हाताने ठेवली, आणि उरलेलं पाकीट खिशात न टाकता तिथेच शेजारी ठेवलं. "फॉर द रोड," म्हणाला.

सुट्टी संपताच सगळं भराभर झालं. सुताराने खोकं बांधलं, शिक्का मारला, विमान मिळालं. शिकागोला वादळ होतं, म्हणून पेटी एक मुक्काम भलत्याच शहरात राहिली. त्या दिवशी मार्लीनला फोन करायला माझी जीभ उचलेना. ती म्हणाली, "भाचा निघालाय गाडी घेऊन. तो तिथे पेटीपाशी बसेल."

आणि मग एका सकाळी फोन आला. डॅनियलला तिकडच्या दुपारी आईशेजारी पुरलं होतं. ती विस्तवापाशी बसली होती. "आता पहाटेला याला विझू द्यायचंय," ती म्हणाली. "तो माणूस आहे का तिथे?"

त्या दिवशी समीर पाळी बदलून सकाळी आलेला होता, नेमका. तो नाही म्हणून मान हलवत होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याला पळायला जागा ठेवली नाही, म्हणा ना.

"मी समीर," तो म्हणाला. "मला माफ करा."

"माफी नको. मला फक्त समजून घ्यायचंय. विस्तव म्हटल्यावर तुम्हाला जाळणं का सुचलं?"

"आमच्यात तेच करतात. माणूस गेला की त्याला अग्नी देतात."

"आणि मग त्या विस्तवापाशी कोण बसतं?"

समीर म्हणाला, "कुणी नाही. चांगला पेटला की लोक घरी जातात. मागे वळून बघायचं नसतं."

 ती हादरली होती, हे सिंगापुरात बसून मला ऐकू येत होतं. "एकट्याला सोडून?" तिने विचारलं. मला राग आला. म्हटलं, हिला आता नीट सांगायला हवं, की यात सोडून देणं नसतं, मोकळं करणं असतं. मी तोंड उघडणार तोच समीर बोलायला लागला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

"माझ्या वडिलांच्या वेळी घरी जायलासुद्धा कुणी नव्हतं," तो म्हणाला. "कोविड होता. मी इथे अडकलेला. आई हॉस्पिटलात. महापालिकेच्या माणसांनी नेलं, प्लास्टिकचे कपडे घातलेल्या. शेजारच्या एकाने लांब उभं राहून मला फोनवर दाखवलं. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं आणि रेंज गेली. मी बराच वेळ त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. मग माझी पाळी सुरू झाली."

समीरचे वडील त्या काळात गेले हे मला माहीत होतं. त्याने रजा घेतली नव्हती, हेही माहीत होतं; कामाला वाघ म्हणून मीच चारचौघांत त्याचं कौतुक केलं होतं. बाकीचं मी त्या सकाळी, एका परक्या बाईच्या फोनवर ऐकत होते. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसून परक्यांच्या मेलेल्या माणसांना घरी पोचवत होता, आणि मी एकदाही त्याला काही विचारलं नव्हतं.

मार्लीन म्हणाली, "त्यांचं नाव काय?"

"वसंत."

"सगळं सांगा."

समीर खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग आडनाव, मग गाव. संध्या करताना सांगतात तसं, एकेक करून. तिने जमेल तसं ते सगळं म्हणून बघितलं. मग बर्फावर चालल्याचा आवाज आला, लाकूड सरकवल्याचा आला, आणि थोडा वेळ तिचं पुटपुटणं.

"तंबाखू वाहिली," ती म्हणाली. "विस्तव पहाटेपर्यंत आहे. मी बसते इथे वसंतजवळ."

तिने फोन ठेवला नाही. समीरनेही ठेवला नाही. तो तसाच उभा होता. दुसऱ्या लाइनवर कुणाचातरी फोन वाजायला लागला होता. तो मी घेतला.